वर्लिनचे मुके बेडूक

आयोवातल्या आमच्या गावच्या जत्रेला चाळीस वर्षं बेडूक पुरवले ते माझ्या भावाने, वर्लिनने. उड्यांच्या शर्यतीला नरच हवा. मादी अंड्यांनी जड, जागची हलत नाही. वर्लिन बेडकाला पुढच्या पायांमागे दोन बोटांनी हलकेच दाबायचा. नर असला की कुरकुरणार, सोड म्हणून. मादी गप्प. "चर्चमध्ये मात्र उलटं असतं," असं म्हणून तो माझ्याकडे बघायचा. मेला चावटच!

त्या जुलैतल्या रविवारी दुपारी मी बादली धरून तळ्याकाठी उभी होते. तळं त्याच्याच मक्याच्या टोकाला. शेतातलं पाणी निचरायला जमिनीखाली पुरलेल्या नळ्यांचं पाणी त्यातच उतरतं. मक्यात गवत औषधालाही सापडलं नसतं. तणनाशक तो स्वतः फवारायचा, आणि त्या स्वच्छ ओळींचा त्याला कोण गर्व.

पहिला बेडूक दाबला. गप्प. दुसरा गप्प. सातवा, अकरावा. अंगठे चांगले नराचे, जाडजूड, पण एकही कुरकुरला नाही. सगळे नुसते बघत होते. मला बादली टाकून पळून जावंसं वाटलं.

"म्हातारा झालास. बोटांत जोर नाही," मी म्हटलं.

तो हसला नाही. धान्याच्या कोठारात नेऊन त्याने एक बेडूक मारला आणि फळीवर चिरला. आत नराचे पिवळट वृषण होते, आणि त्यांना चिकटून काळ्या अंड्यांचे दाणे.

"आर्लीन, आपल्या विहिरीत पाणी कुठून येतं गं?"

"हे काय विचारणं? जमिनीतून."

"कुणाच्या?" तो म्हणाला आणि घराकडे धावतच सुटला.

स्वयंपाकघरात त्याची सून जोलीन नळाखाली ग्लास भरत होती. सातवा महिना, मुलगा आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पाळणाही रंगवून झालेला. वर्लिनने ग्लास तिच्या हातातून हिसकावला.

"अहो बाबा! काय झालं?"

"हे पाणी पिऊ नकोस."

"सात महिने हेच पितेय की! तुम्हीच म्हणता ना, आपल्या विहिरीसारखं गोड पाणी गावात नाही. का नको पिऊ?"

वर्लिनने तोंड उघडलं. चाळीस वर्षं माझी थट्टा करणारा माझा भाऊ, त्याच्या घशातून आवाज फुटेना. मी त्याचा दंड धरून दाबला, जोरात दाबला. तो नुसता बघत राहिला.

जोलीनचा हात पोटावर गेला. "बाबा, बोला ना काहीतरी."