पान त्र्याण्णव आणि गाळलेली तळटीप

'हे पान हिचं नाही,' असं मी पान त्र्याण्णवच्या समासात पेन्सिलीने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मी तेव्हा इंग्रजीचा प्राध्यापक होतो आणि एम.फिल.च्या एका प्रबंधिकेचा एक्स्टर्नल. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरच्या कॉलेजातला परीक्षक. त्याने प्रबंधिका वाचायची, रिपोर्ट लिहायचा आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्यायची. बाहेरचा अशासाठी, की त्याने कुणाची भीडभाड ठेवू नये. मी सदाशिव पेठेत राहतो. ती अट पाळणं मला कधी जड गेलं नाही.

विद्यार्थिनीचं नाव सुजाता. हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. त्या काळी आमचे चांगले विद्यार्थी कॉलेज सोडून आयटीत पळत होते आणि ही बाई उलट्या दिशेने येत होती. इथेच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. तिला एका कॉलेजात लेक्चररची जागा मिळणार होती, पण हातात एम.फिल. असेल तरच. कॉपी सिद्ध झाली असती तर पदवीही गेली असती आणि जागाही.

विषय होता गेल्या शतकातली एक युरोपीय दीर्घ कविता. आधुनिकतावादी, म्हणजे तुकड्यातुकड्यांची आणि वाचकाला रस्ता न दाखवणारी. चर्चच्या घंटा, कुणी कुणाशी न बोलणारं शहर, मध्येच उपनिषदं, मध्येच बुद्ध. त्यात एक प्रसंग आहे. एक बाई टेबलाशी बसून सुरईतून पेल्यात पाणी ओतते. पेला भरतो, वाहू लागतो, तरी ती थांबत नाही. बाजारातली गाइडं सांगतात की आधुनिक माणसाचं कशातच लक्ष उरलेलं नाही, म्हणून पाणी वाया जातंय. दुसरा पक्ष म्हणतो, हे आपलं तर्पण. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यावर प्रबंधिकाही लिहिली होती. मी बावीस वर्षं वर्गात दोन्ही मतं शिकवत आलो होतो.

सुजाताने लिहिलं होतं, दोन्ही चूक. तर्पणात पाणी ओंजळीतून, बोटांवरून सोडतात. इथे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अखंड धार आहे. हे बौद्धांचं जलदान. नद्यांच्या पाण्याने समुद्र भरतो, तसं इथे दिलेलं गेलेल्या माणसाला पोचो, असा त्याचा भाव. तेव्हा कवितेतली ही बाई बेभान नाही. त्या अख्ख्या शहरात ती एकटीच कुणाची तरी आठवण काढते आहे.

इतकं शांत, इतकं खात्रीने लिहिलेलं, आणि खाली तळटीप नाही! तळटीप म्हणजे माहिती कुठून घेतली, त्याची पानाच्या तळाशी दिलेली कबुली. ती नसेल तर माहिती चोरीची, असा आमच्या धंद्यातला साधा हिशेब.

मी नेटकॅफेत जाऊन तिची वाक्यं जशीच्या तशी टाइप केली. काही सापडलं नाही. बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात जाऊन दुकानात उभ्या उभ्या सगळी गाइडं चाळली. तिथेही नाही. यावर शहाण्या माणसाचा संशय कमी झाला असता. माझा वाढला. म्हटलं, चोरी लांबून केलेली आहे.

तिच्या गाइड, म्हणजे प्रबंधिकेच्या मार्गदर्शक, मॅडमना मी फोन केला.

"सर, मुलगी प्रामाणिक आहे," त्या म्हणाल्या.

"असेल. पण तिच्या टेबलावर दिवसभर इंटरनेटही आहे."

व्हायवाच्या दिवशी मी वाङ्मयचौर्याचा रिपोर्ट लिहूनच गेलो होतो. फक्त सही बाकी होती. खोलीत सुजाता, मॅडम आणि मी, तिघंच. टेबलावर परीक्षकासाठी स्टीलचा तांब्या आणि पेला.

"पान त्र्याण्णव," मी म्हणालो. "हे जलदान कसं करतात, दाखवा."

"इथे, सर?"

"का? अडचण आहे?"

"अडचण नाही. पण ते कुणाच्या तरी नावाने करतात."

"मग घ्या कुणाचंही नाव."

"वडिलांचं घेते," ती म्हणाली.

तेव्हाच मी तिला थांबवायला हवं होतं. मी मनात म्हटलं, बघू नाटक.

तिने चपला काढल्या. तांब्या दोन्ही हातांत धरला आणि हलक्या आवाजात पाली गाथा म्हणत धार सोडली. पेला भरला. पाणी काठावरून टेबलावर आलं, माझ्या कागदांकडे सरकलं.

"अहो, पुरे! सांडतंय!"

ती थांबली नाही. गाथा पुरी झाली तेव्हाच धार थांबली. मग तिने पदराने टेबल पुसलं.

"सॉरी सर. मध्ये तोडायची नसते."

"हे कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही, सर. वडील गेले तेव्हा आईने केलं होतं. दरवर्षी करते. कवितेतली बाई मला पहिल्या वाचनातच ओळखीची वाटली."

"मग तळटीप का नाही?"

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम खाली बघत म्हणाल्या, "होती, सर. एक्केचाळिसावी. 'आईकडून समजलेले.' मीच काढायला लावली. म्हटलं, तुम्ही कडक. आई हा संदर्भ तुम्ही धरणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. मी धरला नसता. वर लाल शेरा मारला असता.

ओला रिपोर्ट मी फाडला आणि तिथेच नवा लिहिला. पास. एकच दुरुस्ती: तळटीप एक्केचाळीस आईच्या पूर्ण नावासह परत घालावी. सुजाताला नोकरी मिळाली. ती कविता आता तीच शिकवते, असं ऐकतो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाटातून तर्पणावरची ती जुनी प्रबंधिका काढली. विद्यार्थी आमच्याच पेठेतला, दोन गल्ल्या पलीकडचा. त्याने तर्पणाचा सगळा विधी पाऊण पान लिहिला होता. खाली तळटीप नव्हती. समासात माझ्याच पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'वा! घरचंच ज्ञान.'

मला फार लाज वाटली. संशय घेणं हे परीक्षकाचं कामच आहे. फक्त तो सगळ्यांचा सारखा घ्यावा.