पानं चालतात, फुलं नाही

“आले कायदेवाले,” रांगेतल्या बाईंनी शेजारणीला हळूच सांगितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. आता वेळ लागणार, हे शहापुरात सगळ्यांना ठाऊक होतं.

हायवेलगतच्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर कायदेवाले काका दोन्ही कोपरं टेकवत, चष्मा कपाळावर चढवत आणि सुरू होत. “मी सोता उपटली ना झाडं, आंबागडच्या जंगलात. मलेच विचारा.” वनरक्षकाच्या नोकरीत जन्मभर गांजाची रोपं उपटलेला हा माणूस निवृत्तीनंतर गांजा कायद्यानं खुला व्हावा म्हणून भांडत होता. कोणाशी? तर खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या प्रत्येकाशी.

“झाड एकच. पानं चालतात कायद्याले, भांग म्हणून; फुलं नाही चालत. काहून?”

पोरं बिघडतील, असं कोणी म्हणालं की ते रस्त्यापलीकडच्या दारूच्या दुकानाकडे नुसती मान वळवत. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. मुद्दा बरोबर, आणि ऐकवत नाही.

माझा तर जीव जायचा. मागे माणसं खोळंबलेली, बाबा जेवायला गेलेले, आणि यांचा प्रश्न मलाच. “तू इंग्रजी शाळेची, नागपूरले शिकून आली. सांग बरं पोरी, खुला कराले पाह्यजे का नाही?” मी गोळ्यांच्या पट्टीवरची तारीख वाचत राहायची. मत होतं, पण ते चारचौघांत मांडायची मला सवय नव्हती.

त्या गोळ्या काकूंच्या, त्यांच्या बायकोच्या. काकूंचा कॅन्सर हाडांत उतरला होता. गोळीनं दुखणं थोडं थांबे, पण अन्न पोटात राहत नसे. परदेशात अशा रोग्यांना त्याच झाडाचं औषध देतात, असं काकांच्या कानावर आलं होतं. एकदा एकानं हसत विचारलं, “काका, झाड तं तुमच्या ओळखीचं. एखादं घरीच काहून नाही लावत?” ते खरोखर दुखावले. “थो गुन्हा होय, बापू. कायदा येऊ दे पयले.”

आणि कायद्याची वाट पाहत हा माणूस रोज रात्री काकूंचं कण्हणं ऐकत होता.

काकू गेल्या. तेरवीनंतर ते उरलेल्या गोळ्या परत करायला आले. चष्मा कपाळावर गेला नाही. रांगेनं आपणहून वाट दिली.

मग खालच्या आवाजात सांगू लागले. आंबागडच्या ज्या माणसाची रोपं त्यांनी उपटली होती, तो काकूंच्या दुखण्याचं कळल्यावर घरी आला होता, गांजाची पुडी घेऊन. वहिनीसाठी आणली, म्हणाला. काकू आतून विचारत होत्या, कोण आलं म्हणून.

“दारातूनच वापस पाठवलं मी त्याले,” ते म्हणाले. “कायदा होय ना, पोरी?”

ते माझ्याकडे पाहत थांबले. आजही त्यांना उत्तर हवं होतं. मागे रांग होती, शेजारी बाबा होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “घ्यायची होती ना, काका.”