तोफेला सायलेन्सर

बहिरा माणूस ओळखू येतो तो 'काय?' म्हणतो म्हणून. अयूबभाई होडेकर कधीच 'काय?' म्हणत नसत. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवत, आणि ओठांवरूनही काही उमगलं नाही तर कपाळाला हात लावून म्हणत, "आता बोला!" हे उत्तर जगातल्या कुठल्याही वाक्याला चालतं. पापलेट महागलं, आता बोला. पुतणीचं लग्न ठरलं, आता बोला. एकदा तर ते मयताच्या खबरीलासुद्धा चाललं, आणि आणणाऱ्याला वाटलं, किती लागलं हो याच्या जिवाला!

उभी हयात आखातात टगबोटीच्या इंजिनरूममध्ये गेली. तिथलं डिझेल इंजिन रात्रंदिवस छाताडावर बसल्यासारखं ओरडायचं. पगार, पेन्शन आणि दोन ब्लँकेटं घेऊन अयूबभाई मांडवीला परत आले ते कान तिथेच ठेवून. पण ते सांगायचं कुणाला? बंदरातल्या लाँचवाल्यांनी त्यांचं नाव करून ठेवलं होतं, 'अयूबभाईंचा कान'! इंजिन बिघडलं की हाका यायच्या, "अयूबभाईंना दाखव, नुसतं ऐकून सांगतात." अयूबभाई जायचे, डोळे मिटायचे, इंजिनावर तळवा टेकायचे आणि अचूक सांगायचे, दोन नंबरचा नोझल गेलाय. लोक कानाकडे बघत, तळव्याकडे कुणी बघत नसे. बहिरा मेकॅनिक म्हटलं की या बंदरात कोण बोलावणार? मग उरलेला जन्म नातवंडांच्या चपला राखत पडवीत बसायचं.

आता बायको. मासूमाभाबींचा आवाज म्हणजे काय विचारता! "नबीलच्या अब्बा, चाय निवली!" ही हाक समुद्रापर्यंत ऐकू जायची. वाडीतली पोरं त्यांना भोंगा म्हणत. बाया म्हणत, नाव मासूमा आणि नवऱ्याला बघा कसं चिरडून ठेवलंय. अयूबभाई नाक्यावर बसले आणि कुणी हा विषय काढला की तेही हसत, खांदे उडवत, "घरात भोंगा असला म्हणजे घड्याळ लागत नाय." सगळे हसत. हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल, त्याची त्यांना आज लाज वाटते. पण ते पुढे.

शहराबाहेर, कातळ संपतो तिथे टेपावर, म्हणजे बुटक्या टेकाडावर, अयूबभाईंची हापूसची बाग आहे. हंगामात नवरा-बायको तिथेच खोपटात राहायला जातात. गड्याला, केरूला, सोबत घेतात. बागेला दगडांचा गडगा आहे, गडग्यापलीकडे मालिनीताईंचं घर. मालिनीताई निवृत्त शिक्षिका. बागेचा रस्ता त्यांच्याच खळ्यातून, म्हणजे अंगणातून, जातो; आंब्याच्या पेट्या त्यांच्या बेड्यातून, म्हणजे गडग्यातल्या फाटकातून, बाहेर काढायच्या आणि टेम्पोत चढवायच्या. कागद नाही, करार नाही, शेजारधर्म, बस्स.

आणि वानर! माकडांना निदान थोडी लाज असते, वानरांना तीही नाही. ते मालिनीताईंच्या घरामागच्या रानातून येतात, गडग्यावर ओळीने बसतात आणि आंबा खातात म्हणावं तर तेही नाही, एक चावा घेऊन टाकतात. म्हणून अयूबभाईंनी गॅसबंदूक आणली. बंदूक नावालाच. गोळी नाही, छर्रा नाही. नुसतं आवाज करायचं यंत्र. सिलिंडरमधला गॅस डब्यात भरतो, पुरेसा भरला की ठिणगी पडते, धडाम् होतं, आणि त्याच धक्क्याने झडप उघडून गॅस पुन्हा भरायला लागतो. एकदा चालू केली की माणसाची गरज नाही. स्वतःच भरते, स्वतःच वाजते. सगळे तिला तोफ म्हणत. अयूबभाईंना तिचा आवाज बेताचा वाटे.

यंदा ऐन हंगामात मालिनीताईंची लेक मनस्विनी बाळंतपणाला माहेरी आली, बाळ झालं आणि पंचाईत झाली. एका सकाळी ताई गडग्याशी येऊन उभ्या राहिल्या. जन्मभर शिकवल्यामुळे त्या तोंड पूर्ण उघडून, एकेक अक्षर सुटं करून बोलत. अयूबभाईंना त्यांचे ओठ म्हणजे मोठ्या टायपातलं पुस्तक.

"अयूबभाई, तोफ वाजली की बाळ दचकतं हो. झोपेतून उठतं आणि निळं पडेपर्यंत रडतं. काहीतरी करा."

"ताई, आजपासून बाळाची झोप माझ्या जिम्म्यावर!" अयूबभाईंनी छातीवर हात ठेवला. "असा सायलेन्सर बसवतो की वानर पळतील आणि बाळाची पापणी हलायची नाय."

वानरांना ऐकू जावं आणि बाळाला जाऊ नये, हे कसं, ते ताईंनी विचारलं नाही. अयूबभाईंनीही स्वतःला विचारलं नाही. तोफ बागेच्या दुसऱ्या टोकाला नेणं सोपं होतं, पण वानर यायचे ते याच बाजूने. शिवाय सोपं करायचं तर मेकॅनिक कशाला व्हायचं?

बंदरातल्या भंगारातून त्यांनी मोडीत निघालेल्या लाँचचा सायलेन्सर आणला. तोफेच्या नळकांड्याला तो जुळता नव्हता. कापून, वेल्डिंग करून, पॅकिंग घालून जुळवला. केरू बघत होता. "अयूबशेट, वाजवायचीच हाय तर तोंड कशाला दाबताव तिचं?" त्याने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. अयूबभाई म्हणाले, "आता बोला!"

पहिल्या चाचणीला मालिनीताई आणि मनस्विनी बाळाला घेऊन मुद्दाम खळ्यात येऊन उभ्या राहिल्या. अयूबभाईंनी कॉक उघडला, हात पाठीमागे बांधले आणि वाट बघितली. काहीच झालं नाही. म्हणजे त्यांच्यापुरतं. केरू कानात बोटं घालून खाली बसला होता, फणसावरचे कावळे उडाले होते, पण अयूबभाईंची नजर होती तोफेवर. मग त्यांनी नळकांड्याच्या तोंडाशी धुराची वेटोळी बघितली. अरे, वाजली की! वाजली आणि आवाज नाही! जन्माचं सार्थक झालं.

ते ऐटीत गडग्याशी गेले. मनस्विनीच्या खांद्यावर बाळाने एवढं मोठं तोंड उघडलं होतं.

"बघा ताई," अयूबभाई कौतुकाने म्हणाले, "कसा आरामात जांभई देतोय!"

बाळ त्या वेळी टाहो फोडत होतं. मालिनीताई अयूबभाईंकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं शेजारी राहिलेला सभ्य माणूस तोंडावर आपली चेष्टा करतो? त्यांनी लेकीला आत नेलं, आणि दुपारी बेडं लावून घेतलं. केरू पहिल्या पेट्या डोक्यावर घेऊन गेला आणि तसाच परत आला.

"नबीलच्या अब्बा! ताईंनी वाट बंद केलीय!" मासूमाभाबी पेंढ्यात आंबे लावता लावता ओरडल्या. टेम्पो खाली रस्त्यावर उभा, आंबा पिकायला लागलेला. एक पेटी हलेना.

अयूबभाईंना कळेना की बिनसलं कुठे. आवाज तर गेला! म्हणजे सायलेन्सर अजून पक्का करायला हवा, असं त्यांनी ठरवलं. बहिऱ्या माणसाचा निष्कर्ष असाच असतो. जे ऐकलं नाही ते घडलंच नाही. त्यांनी सायलेन्सरमध्ये आणखी जाळी कोंबली. आता मात्र एक खरी अडचण झाली. जळलेला गॅस पुढून निघायला वाट नाही, तो मागे फिरायला लागला. यंत्राला आपली शिस्त असते. पुढून कोंडलंत तर मागून लाथ मारतं. मागच्या दाबाने झडप वेळेआधीच उघडायला लागली, म्हणजे गॅस कमी करायला हवा होता. हे अयूबभाईंच्या तळव्याने त्यांना सांगितलंही असतं. पण त्यांनी तळवा ठेवला नाही, कारण समोर मालिनीताई पडवीच्या खिडकीतून बघत होत्या आणि अयूबभाईंना कानाने ऐकल्याचं नाटक करायचं होतं. डोळे मिटून, मान तिरकी करून ते उभे राहिले.

तोफ एकदा वाजली. त्यांना ऐकू आली नाही, आणि डोळे मिटलेले, त्यामुळे या वेळी धूरही दिसला नाही. 'फुसकी गेली,' ते मनाशी म्हणाले आणि स्क्रू फिरवून गॅस वाढवला. पुन्हा वाजली. पुन्हा फुसकी! पुन्हा वाढवला.

मग जे झालं त्याला केरू अजून 'लढाई' म्हणतो. तोफ थांबेचना. धाड, धाड, धाड, भरायची नि वाजायची, वाजायची नि भरायची; पुढून आवाज आणि मागून काळा धूर, थेट अयूबभाईंच्या तोंडावर. त्यांची मेंदी लावलेली लाल दाढी बघता बघता काळी झाली. केरू गडग्याआड आडवा पडून कुलदैवताला गाऱ्हाणं घालत होता. वानर तर पार डोंगरापलीकडे गेले असतील. आणि अयूबभाई धुरात उभे राहून, "अजून थोडा," म्हणत, स्क्रूला हात घालत होते.

"बंद कराऽऽ!" मासूमाभाबी खोपटातून धावत आल्या. "नबीलच्या अब्बा, बंद करा ती!" त्यांनी नवऱ्याला ढकललं आणि सिलिंडरचा कॉक फिरवला.

सगळं शांत झालं. मग बेडं उघडलं आणि मालिनीताई आत आल्या. पण त्या अयूबभाईंकडे वळल्याच नाहीत, मासूमाभाबींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. टेम्पोवाला वर येऊन बघत होता, केरूही उठून बसला होता.

"भाबी, आज बोलतेच," ताई म्हणाल्या. "तोफ एक वेळ सोसली असती. यंत्र आहे. पण तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत या माणसावर ओरडता, गड्यांसमोर, परक्यांसमोर. बाळ निम्म्या वेळा तुमच्या आवाजाने उठतं. नवरा आहे तो तुमचा, बैल नाही. म्हणूनच असं वेड्यासारखं वागायला लागलाय."

अयूबभाईंना ताईंची पाठ दिसत होती. त्या काय बोलल्या ते कळायला मार्ग नव्हता. पण मासूमाचा चेहरा समोर होता. त्यांना वाटलं, आता भोंगा वाजणार. मासूमा एका शब्दात ताईंचं तोंड बंद करू शकली असती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, काळी दाढी, भाजलेल्या भुवया, आणि मान खाली घातली. पदराने तोंड पुसलं. आणि अयूबभाईंनी तिच्या ओठांवरून वाचलं, "चुकलं माझं, ताई."

हिचं काय चुकलं? ओरडते, एवढंच ना?

ते तिथेच उभे होते आणि त्यांना एकेक आठवायला लागलं. निकाहनंतरची मासूमा इतकं हळू बोलायची की सासू म्हणायची, सून आणलीय की मांजर. आखातातून फोन यायचा तेव्हा तिचा आवाज खरखरीतून शोधावा लागायचा. मग ते कायमचे परत आले, आणि ही ओरडायला कधी लागली? ते परत आल्यावरच. कुठलाही निरोप आला की ही आधी मोठ्याने त्यांच्या तोंडावर ओरडून सांगायची, म्हणजे त्यांना 'काय?' विचारायची वेळ येऊ नये. हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! नवऱ्याचा कान शाबूत दिसावा म्हणून ही बाई गावभर भांडखोर झाली होती. आणि नवरा नाक्यावर बसून हसत होता.

"ताई," अयूबभाई म्हणाले. आपला आवाज किती मोठा निघाला हे त्यांना कळलं नाही; खाली टेम्पोपर्यंत गेला. "तिला काय बोलू नका. ती माझ्यावर ओरडत नाय. मी बहिरा हाय."

मालिनीताई वळल्या.

"ठार नाय, पण बहिराच. तोफ मना ऐकू येत नाय. तुमचं बाळ रडत होतं ते मना जांभई वाटली. लाँचची इंजिनं मी हाताने ओळखतो, कानाने नाय. बंदरात सांगायचं तर सांगा. पण हिला भोंगा म्हणू नका. ही फार हळू बोलायची."

एवढं बोलून ते गडग्यावर बसले. मासूमाभाबी रडत होत्या आणि चिडल्याही होत्या. "कशाला सांगितलांव? मी कदी तक्रार केली काय?" टेम्पोवाल्याने डोक्याची टोपी काढली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मालिनीताईंना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी शिक्षकाला सुचतं तेच केलं. केरूला खुर्ची आणायला सांगितली.

"अयूबभाई," त्या तोंड उघडून, सुटं सुटं म्हणाल्या, "कान माझे, हात तुमचा. लावा तोफ."

त्या दिवशी ताई छत्री घेऊन खळ्यात बसल्या. अयूबभाईंनी कोंबलेली जाळी काढली आणि या वेळी नळकांड्यावर उघडपणे तळवा टेकला. ताईंनी हात खाली केला की गॅस कमी, वर केला की जास्त. मनस्विनी बाळाला मांडीवर घेऊन पडवीत, परीक्षेचा पेपर असल्यासारखी. शेवटी तोफ म्हाताऱ्याने खाकरल्यासारखी वाजली आणि बाळाने झोपेत नुसतं बोट चोखलं. वानर मात्र दोन दिवसांत परत येऊन गडग्यावर बसले; खाकरण्याला कोण भितो? मग नवा कायदा झाला. बाळ जागं असलं की ताई हात वर करतात आणि अयूबभाई गॅस वाढवतात. झोपलं की हात खाली. तोफ कधी गरजेल याचा वानरांना अंदाज येईना, आणि अंदाज येत नाही त्यालाच तेही घाबरतात.

पेट्या तोफ जुळली त्याच संध्याकाळी बेड्यातून गेल्या. बातमी अर्थात पेट्यांच्या आधी मांडवीत पोचली. लाँचवाल्यांनी दोन-चार दिवस डोकं खाजवलं, मग एकाचं इंजिन बंद पडलं आणि त्याने आपलं हाक मारलीच. नोझलला काय, कानाने कळलं काय नि हाताने काय. फक्त आता जो तो अयूबभाईंशी ओरडून बोलतो. नाक्यावरचा चहावाला ओरडतो, मशिदीतले बुजुर्ग ओरडतात, लाँचवाले तर तोंडाला हातांचा भोंगा करतात. अख्ख्या मांडवीत एक मासूमाभाबी तेवढ्या ओरडत नाहीत. त्या जवळ येतात, बाही धरून त्यांना आपल्याकडे वळवतात आणि अगदी हळू, ओठ नीट हलवून सांगतात की चहा निवला.