भिंतीतली चारची वायर

आमचे हे वायरमन. डोंबिवलीच्या घराचं वायरिंग त्यांनी स्वतः केलेलं. दिव्या-पंख्यांना दीडची वायर, प्लगला अडीचची, गिझरला चारची. जेवढं ओझं तेवढी जाड वायर, एवढंच त्यांचं शास्त्र.

मला कुठली अक्कल! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांसमोर नव्या विजेच्या शेगडीवर मसाला दूध उकळून मिरवायचं होतं. हे शहाडला कामावर. बाहेरच्या खोलीत जाड वायर वाईट दिसेल, म्हणून मी त्यांच्या पिशवीतली टेबललॅम्पची नाजूक वायर घेतली, शेगडीला जोडली आणि सतरंजीखाली सरकवली. वायर जणू साडीच्या काठाला शोभेल अशी निवडायची असते!

"अगं, काहीतरी जळतंय," एक जण म्हणाली.

"नवीन उदबत्ती आहे," मी म्हणाले.

तेवढ्यात हे दारात. आधी मेन बंद केला. बायका गेल्यावर माझा हात सतरंजीवर ठेवला. चटकाच बसला.

"यापुढे गिझर लावलास की बोर्डाला हात लावून बघायचं. गरम लागला तर मला हाक मार."

मी मारायचे ना. बोर्ड गार असला तरी मारायचे. हे पेपर टाकून यायचे, माझ्या हातावर हात ठेवायचे.

"गार तर आहे."

"मघाशी गरम होता."

त्यांना कळत नव्हतं थोडंच! तरी दर वेळी यायचे.

ते गेले त्याला सात वर्षं झाली. आता मुलाला एसी बसवायचाय, म्हणून सगळं वायरिंग बदलायला काढलंय. मी नव्या वायरमनला म्हटलं, "गिझरची तेवढी राहू दे रे. चारचीच आहे, मोजून बघ."

"माप बरोबर आहे, आजी. पण वरचं प्लास्टिक बघा, वाकवलं की तडकतंय."

मी बघितलं. तडकत होतं. यांनीही ती ठेवली नसती.

त्याने जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधली. म्हटलं, "थांब, मी ओढते." यांची वायर हातभर हातभर बाहेर आली आणि तिच्या मागून नवी भिंतीतल्या पाइपातून सरकत आली.

आज सकाळी गिझर लावला. बोर्डाला हात लावला. गार.

तरी हाक मारली. मुलगा ब्रश तोंडात घेऊन धावत आला. "काय झालं, आई?"

"काही नाही रे. मघाशी गरम होता."