मधल्या पट्टीवरची नावं

गंगापूर रोडला आम्ही जुने जिऑलॉजीवाले चहाला बसलो की किस्से सुरू होतात. नवा किस्सा मध्येच घुसतो आणि जुने दोन्हीकडे सरकतात. आमच्या डिपार्टमेंटची भिंतसुद्धा अशीच होती!

ती देवरे सरांनी बनवली होती. भिंतभर लाकडाची लांब खाच आणि तिच्यात सरकणाऱ्या प्लायच्या पट्ट्या. समुद्राच्या तळाशी डोंगरांची लांब रांग असते, सर तिला रिज म्हणायचे. तिथे जमीन फाटते, खालून लाव्हा येऊन नवी जमीन होते आणि जुनी दोन्ही बाजूंना सरकते. म्हणून दर जूनमध्ये जुन्या पट्ट्या बाजूला सारायच्या आणि मधोमध नव्या बॅचच्या दोन बसवायच्या. मुलांची नावं डावीकडे, मुलींची उजवीकडे. मधोमध आपलं नाव बघून कॉलर ताठ व्हायची. एक वर्षभरच!

*

एकदा सर रजेवर होते, तेव्हा शिपाई सुकदेवमामांनी नव्या पट्ट्या पार टोकाला लावल्या. सर आल्यावर तडकलेच. "मामा, नवी जमीन कधी कडेला होते का?"

मामा शांत. "सर, नवीन माणूस लायनीत मागंच उभं ऱ्हातं ना!"

सर पोट धरून हसले आणि मग अख्खी भिंत पुन्हा लावायला बसले.

*

माझं आणि मनीषाचं एकाच बॅचमध्ये जमलं. लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तोवर आमच्या पट्ट्यांमध्ये तीन बॅचेस घुसल्या होत्या.

मनीषा म्हणाली, "सर, आम्ही लग्न करतोय आणि तुम्ही आम्हाला दरवर्षी लांब नेताय!"

"मध्ये समुद्र असला की भांडणं कमी होतात."

आजही भांडलो की ती विचारते, "आता किती बॅचेस झाल्या आपल्यात?"

*

पुढे खाच भरली. सरांनी दोन्ही टोकांखाली सगळ्यात जुन्या पट्ट्यांसाठी ड्रॉवर बसवले. म्हणाले, "जुना समुद्रतळ शेवटी कडेला जमिनीखाली जातोच."

पहिल्या बॅचचे एक साहेब मनमाडहून आले, रेल्वेत मोठ्या पोस्टवर. भिंतीवर नाव सापडेना. मामांनी ड्रॉवर उघडला. "साहेब, तुम्ही खाली गेलात!"

साहेबांनी पट्टीवरची धूळ रुमालाने पुसली.

*

मग मुलं कमी होत गेली. शेवटच्या बॅचला एकटी यमुना, हरसूलची. उजव्या पट्टीवर तिचं नाव, डावी कोरी. ती पास झाली आणि डिपार्टमेंट बंद झालं.

भिंत काढायच्या दिवशी रिटायर झालेले सर आले. प्रत्येक पट्टीवरून हात फिरवत होते. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "सर, रिज एका जागी थांबली की दुसरीकडे सुरू होते, तुम्हीच शिकवलंत."

"होते कधी कधी," सर म्हणाले. "नेहमीच नाही रे."

यमुनाने ती कोरी पट्टी मागून घेतली.

*

परवा सर आमच्याबरोबर चहाला होते. यमुनाचा फोन आला. ती आता गावच्या शाळेत शिकवते. सरांनी स्पीकर लावला.

"सर, शाळेच्या भिंतीवर खाच केली! मधोमध आपली कोरी पट्टी बसवली. पण पोरं लय हायत, तिच्यावर नावं मावत नाय!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग रुंद पट्टी घे," ते म्हणाले. "काही रिज जोरात पसरतात!"