घोंगडीतली शीर

“एक पॉइंट सहा मिलिमीटर,” मी स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर सांगितलं. स्क्रीनवरची शीर काडेपेटीच्या काडीहून बारीक दिसत होती.

“फिर छोडो मॅडम,” काझी सर म्हणाले. ते आमचे रक्तवाहिन्यांचे सर्जन. “दोनच्या खाली मी हात लावत नाही. मानेत कॅथेटरची नळी टाकू.”

टेबलावर कौसाबाई होत्या. अजिंठ्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. किडन्या थकलेल्या, डायलिसिस तोंडावर आलेलं. त्यासाठी हातातली धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशननं जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. धमनीचा जोर मिळाला की शीर फुगते, जाड होते, मग तिच्यात सुई घालता येते. शीर तेवढी रुंद आहे का, हे सोनोग्राफीवर मोजणं माझं काम.

“मानेत नळी?” कौसाबाई उठून बसल्या. “नळी घेऊन मेंढरामागं कशी फिरू? एखादं कोकरू ओढून काढंल की!”

“कोकरू कशाला, तूच ओढशील,” दारातून त्यांचे यजमान सखाराम म्हणाले.

“तुमी गप ऱ्हा.”

मला कोकरापेक्षा जंतूंची भीती होती. या आजारात रक्तात साठलेल्या घाणीमुळं पांढऱ्या पेशी सारख्या चिडलेल्या असतात. जंतूंशी लढायचं सोडून त्या रक्तवाहिनीच्या अस्तरालाच चिकटतात आणि ती जाड, कडक होते. नळीवाटे जंतू शिरले तर त्या पेशींना चिडायला आणखी निमित्त. कौसाबाईंची शीर याच त्रासानं आखडली असणार, असं धरून मी रिपोर्ट टाइप केला आणि चहाला खाली गेले.

पार्किंगमध्ये रखरखीत ऊन. दोघं कट्ट्यावर बसलेले. कौसाबाई हात नाचवत होत्या. “सगळ्या वस्तीला फोन लावून झाले यांचे! म्हणं, हिच्या मानेला भोक पाडणार!”

“मग पाडणार नाय का?”

मी त्या हाताकडं बघत राहिले. मनगटावर शीर दोरीसारखी तटतटली होती.

वर माझ्या खोलीत सेंट्रल एसी थेट टेबलावर मारतो. मशीन तापू नये म्हणून. गारठ्यात शिरा आकसतात, हे मी एमडीच्या परीक्षेत लिहून आले होते. चहा तिथंच ठेवला.

“कौसाबाई, वर चला.”

“आता काय ऱ्हायलं?”

“मोजायचं राहिलं.”

एसी बंद करणं माझ्या हातात नव्हतं. सखारामांच्या खांद्यावर घोंगडी होती. ती मागून घेतली, कौसाबाईंचा हात तिच्यात गुंडाळला, टेबलाखाली लोंबता ठेवला. शिरेत रक्त साठावं म्हणून मघासारखाच दंडाला पट्टा बांधला. थोड्या वेळानं सोनोग्राफीचा प्रोब लावला.

“एक पॉइंट नऊ.”

“वाढलं व्हय?” सखाराम आत घुसले.

“दोन पॉइंट तीन.”

“लई बेस!”

“दोन पॉइंट सात!”

“दोन सात एक वार, दोन सात दोन वार!” लासूर स्टेशनच्या बाजारात लिलावाला उभं राहिल्यासारखे ते ओरडले. कौसाबाई हसल्या, हात हलला, शीर स्क्रीनवरून पळाली. मग मलाही हसू आवरेना. तशाच हसत मी तीनदा मोजलं. दोन पॉइंट सातच. धमनीची भिंत थोडी जाड होती, आजार काही खोटा नव्हता. पण काम होण्यासारखं होतं.

“घंटेभर में जवान हो गई क्या?” काझी सर फोनवर म्हणाले.

“शीर तीच आहे सर. फक्त घोंगडी घातली.”

विश्वास न बसून ते स्वतः वर आले, बघितलं, आणि ऑपरेशनची तारीख देऊनच खाली गेले.

दीड महिन्यानं दोघं दाखवायला आले. फिस्टुला छान चालू होता. त्वचेखाली रक्ताची घरघर हाताला लागते, ती कौसाबाईंनी ओपीडीतल्या सगळ्या रांगेला हात लावून बघायला लावली. सखारामांनी तर कानच टेकवला. “आत पिठाची गिरणी चालू हाय, मॅडम!”

पुढच्या पेशंटांसाठी मी सखारामांकडं ती घोंगडी विकत मागितली. “मशीनला थंडी पायजे, मला नाय,” म्हणून त्यांनी ती खांद्यावर टाकली. शेवटी मी गुलमंडीच्या बाजारातून एक आणली.

आता माझ्या रिपोर्टात शिरेच्या मापाशेजारी खोलीचं तापमानही असतं. आजाराला दोष देण्याआधी एसीची चौकशी करावी, एवढंच शिकले.