आधी अर्थ सांगा

झाडाकडे हात नेला की त्याची काठी आडवी यायची. "आदी अर्थ सांगा, मास्तर. मग हात लावा."

मंडळी, मी कराडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. लॅटिन-ग्रीक नावं घडाघड म्हणून वर्गावर छाप पाडण्यात माझी हयात गेली. पण दुष्काळी भागातल्या एका माळावर मेंढरं राखणाऱ्या या म्हाताऱ्यापुढे मी आरोपीच्या पिंजऱ्यात असायचो. तो माझा वाटाड्या. शास्त्रीय नाव ऐकलं की फौजदारासारखे डोळे बारीक करायचा.

आघाड्याचं नाव अकिरँथस. म्हणजे कोंड्यासारखं फूल. त्याने तुरा चुरगळून पाहिला. "बराबर हाय. सुटला ह्यो."

रुईचं नाव कॅलोट्रॉपिस. "सुंदर होडीचा तळ!" मी हात पसरून नाट्यमय घोषणा केली. त्याने आधी रुईकडे, मग उघड्या माळाकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"होडी? आवं, हितं प्यायला टँकर येतुया. नाव ठिवणारा हिकडं आलावता का कदी?"

"नाही. तो परदेशात बसून..."

"आन तुमी इस्वास ठिवला?"

संशय मलाही त्याचा यायचाच. एकाच टेकडीला तीन वेढे घालायला लावून वर शांतपणे म्हणायचा, "म्होरं काय बी न्हाई."

चार वर्षं अशी फिरवाफिरवी झाल्यावर एका श्रावणात तो आपणहून मला एका कड्याखाली घेऊन गेला. खडकाच्या आडोशाला एक नाजूक वेल होती. कंदिलासारखं फूल, त्यावर पांढरी लव. ही खरपुडी नावाच्या कंदवेलीच्या जवळची, पण कुठल्याही पुस्तकात नसलेली. मी नाचायचाच बाकी राहिलो.

"हिच्या कुळाचं नाव सेरोपेजिया, मेणाचा झरा! आणि पुढचं नाव मी देणार. या डोंगराचं देऊ. जगाला कळेल, ही इथली आहे."

काठी आडवी आली. "नावातच पत्ता घालताय व्हय?"

मग तो खडकावर टेकला. पलीकडच्या डोंगरावर असाच एक कंद होता. गाडीतून दोघे आले, औषधाला पाहिजे म्हणाले. "लय ग्वाड बोलली. हप्त्यात पोती भरून न्हेली. आता तितं एक बी न्हाई." तो म्हणाला, "म्याच दावलं हुतं, मास्तर."

"मग हिला तुमचं नाव देतो," मी म्हणालो.

"म्हंजी माजं घर हुडकत येत्याल."

"बरं, लॅनाटा. लोकरीची."

त्याने लवेवरून बोट फिरवलं. आवडलं होतं त्याला, दिसत होतं. पण लगेच मान हलली. "लोकर आली म्हंजी मेंढरं आली. मेंढरं आली म्हंजी धनगर आला. न्हाई."

"मग करायचं काय?"

"म्या जित्ता हाय तवर नगं. मागनं तुमचं तुमी बघा. पर तुमचा बी मला भरवसा न्हाई, गड्या."

गड्या! चार वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, आणि तेही अविश्वास जाहीर करताना.

तो गेल्या माघात वारला. तरीही मी इथं त्याचं नाव सांगत नाही, डोंगराचंही नाही. विचारू नका.

यंदाच्या श्रावणात मी एकटाच वर गेलो. आता अडवणारं कोणी नव्हतं. वेल फुलली होती. भोवती बाभळीच्या फांद्या रचलेल्या होत्या आणि त्यांचा पाला अजून हिरवा होता. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. बराच वेळ तसाच बसलो. मग टोपण पुन्हा लावलं.

"काय लिवलंसा?" मागे म्हाताऱ्याची सून उभी होती, हातात कोयता.

मी वही दिली. तिने एकेक पान उलटून पाहिलं. कोरी होती.

"चला खाली, च्या टाकते," ती म्हणाली. पण वाट दाखवायला काही पुढे झाली नाही. सबंध उतार मला पुढे घालून, ती मागून चालत राहिली.